शहाऐंशी नंबरची चिठ्ठी

यंदाही खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी वाघमारेंचा मेसेज आला. "मॅडम, शहाऐंशी नंबर चालू आहे ना?" मला निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली. कंपनीच्या कुठल्या यंत्रात काय चालू आणि काय बंद, हे विचारायचं माणूस मी उरलेले नाही, हे वाघमारेंना पक्कं ठाऊक आहे. तरी दरवर्षी ते विचारतात आणि दरवर्षी माझे कान गरम होतात. संपादकांनी माझ्याकडे 'तुमच्या क्षेत्रातली अभिमानास्पद कामगिरी' मागितली होती. त्याऐवजी कान गरम होण्याची हकिकत पाठवते आहे, ती त्यांनी गोड मानून घ्यावी.

माझं क्षेत्र कोणतं ते आधी सांगायला हवं, कारण संत तुकाराम नगरमधल्या आमच्या सोसायटीत निम्मे लोक अजून मला कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई समजतात आणि वायफाय बंद पडलं की माझी बेल वाजवतात. भोसरीतल्या आमच्या कंपनीत नट आवळायची यंत्रं बनतात. गाडीच्या चाकाला पाच नट असतात. ते पाचही एकदम आणि ठरलेल्या जोरानेच आवळावे लागतात. कमी आवळले तर चाक सुटणार, जास्त आवळले तर बोल्ट तुटणार. यंत्राच्या तोंडाशी पाच फिरते दांडे असतात, त्यांना स्पिंडल म्हणतात. ते कधी, कसे आणि किती जोराने फिरवायचे हे सांगणारं सॉफ्टवेअर माझ्या विभागाचं. चाकणच्या पट्ट्यात जिथे जिथे गाडीला चाक बसतं तिथे आपलंच यंत्र आहे, असं आमचे विक्रीप्रमुख सरपोतदार सगळ्यांना सांगत. त्यातलं निम्मं खरं होतं.

सरपोतदारांची ओळख करून द्यायला एक वाक्य पुरेसं आहे: "देऊ ना साहेब!" एका ग्राहकाला हिरवा दिवा काम बरोबर झाल्यावर लागायला हवा असे. देऊ ना साहेब. दुसऱ्याला तोच दिवा यंत्र रिकामं असताना लागायला हवा असे. देऊ ना साहेब. ट्रॅक्टरवाल्यांना नट चुकला की भोंगा वाजायला हवा, तर स्कूटरवाल्यांना भोंगा अजिबात नको, कारण तो थेट त्यांच्या मोठ्या साहेबांच्या केबिनपर्यंत ऐकू जातो. असं देता देता आमच्या एका सॉफ्टवेअरची चौदा सॉफ्टवेअरं झाली. नव्या ग्राहकासाठी जुन्याची नक्कल काढायची, त्यात चार ठिगळं लावायची, की झालं पंधरावं तयार. एका ठिकाणी चूक सापडली की ती चौदा ठिकाणी दुरुस्त करायची. माझ्या विभागातल्या मृणालने एकदा ती तेराच ठिकाणी दुरुस्त केली. मृणाल वाढलेली बंगळूरला, अत्यंत हुशार. चौदाव्या ग्राहकाने तिला फोनवर जे सुनावलं, त्यातल्या दोन शब्दांचे अर्थ तिला नंतर मला विचारावे लागले. मी एकाचाच सांगितला.

तेव्हा ठरलं की आता हे पुरे. सगळ्या यंत्रांना मिळून एकच पाया करायचा आणि ज्याला जे वेगळं हवं ते त्यावर चढवायचं. यात परकं काही नाही. माझी आई पिंपरीच्या कारखान्यांतल्या एकट्या राहणाऱ्या कामगारांना डबे द्यायची. भाजी सगळ्यांची एकाच पातेल्यात. मग कोल्हापूरच्या माणसाच्या डब्यावर वरून तिखट तेल, मालवणच्या डब्यात ओलं खोबरं, ज्याचं पोट बिघडलंय त्याची नुसती साधी. पातेल्यात काय जाणार, वरून काय पडणार आणि काय अजिबात मिळणार नाही, हे आई एकटी ठरवायची. आमच्या धंद्यात तेवढंच ठरवायला सात जणांची बैठक बोलावतात आणि ती तीन दिवस चालते.

बैठकीची पद्धत मीच आखली होती. चौदाही सॉफ्टवेअरं पिंजून मृणालने एकेक सोय वेगळी काढली आणि त्यांना नंबर दिले. प्रत्येक नंबरावर रंगीत चिठ्ठी लावायची. हिरवी म्हणजे सगळ्यांना मिळणारच, पिवळी म्हणजे मागेल त्याला, लाल म्हणजे बाद. पहिल्या दिवशी संध्याकाळी कॉन्फरन्स रूमची भिंत पोपटासारखी हिरवीगार झाली होती. प्रत्येकाला स्वतःची गोष्ट सगळ्या जगाला लागते असं वाटत होतं. उत्पादनवाल्यांना रोजचे आकडे छापून मिळणं हिरवं, गुणवत्तावाल्यांना तीन सह्या हिरव्या, आणि सरपोतदारांना तर भोंगा असणंही हिरवं आणि नसणंही हिरवं.

"सरपोतदार, एक काहीतरी ठरवा," मी म्हणाले.

"मॅडम, तुम्ही फक्त दोन्ही द्या. कुठला कधी ते मी ग्राहकाशी बोलून घेतो."

"पण यंत्राला एका वेळी एकच करता येतं."

"तेच तर तुमचं कसब!" ते म्हणाले आणि सगळ्यांनी चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी मी रेशन लावलं. प्रत्येकाला हिरव्या चिठ्ठ्या दहाच. त्याबरोबर खोलीत मंडई भरली. "दोन पिवळ्या घ्या, एक हिरवी द्या," असे सौदे चालू झाले. जेवणाच्या सुट्टीत सरपोतदारांनी गुणवत्तावाल्यांच्या तीन हिरव्या गोड बोलून काढून घेतल्या आणि मग त्यांच्याच सह्या पिवळ्यात ढकलल्या. मालक, म्हणजे आमचे मोठे साहेब, दर दोन तासांनी दारातून डोकावून विचारत, "साळवी मॅडम, किती उरलं?" आणि भिंतीकडे बघून निघून जात.

तिसऱ्या दिवशी मी आणखी एक नियम केला, आणि मला तो फार आवडला होता. ज्या नंबराला या खोलीत कोणी वाली नाही, तो बाद. मृणाल नंबर वाचायची आणि मी विचारायचे, "कोणाचं हे?" कोणी हात वर केला नाही, की मी स्वतःच्या हाताने लाल चिठ्ठी लावायचे. खरं सांगते, वाढलेलं तण उपटताना वाटतं तसं बरं वाटत होतं. असाच आला शहाऐंशी नंबर. यंत्राची किल्ली डावीकडे दोनदा फिरवली, की एक दिवस कसरत बंद.

ही कसरत काय ते सांगते. यंत्र अर्धा तास रिकामं राहिलं, की आतलं ग्रीस बसू नये म्हणून पाचही स्पिंडल आपोआप फिरतात. आधी हळू, मग जोरात, मग थांबतात. ही कसरत सगळ्यांना हवी होती, तिला हिरवी चिठ्ठी मिळाली होती. पण ती एक दिवस बंद ठेवायची कोणाला आणि कशाला गरज? ज्याने तो कोड लिहिला तो कधीच सोडून गेला होता. किल्ली फिरवल्यावर ना दिवा लागत होता, ना आवाज येत होता.

"दोनदा किल्ली फिरवणारा ग्राहक मी तरी पाहिला नाही," सरपोतदार म्हणाले.

"कोणाचं हे?" मी विचारलं. कोणाचाच हात वर आला नाही. मी लाल चिठ्ठी लावली.

हात वर करणारा माणूस त्या वेळी चाकणला एका यंत्राखाली उताणा पडून काम करत होता. ते वाघमारे. दिघीला राहणारे, आयटीआय झालेले, आमचे सर्वांत जुने सर्व्हिस इंजिनीअर. यंत्र विकलं की सरपोतदारांचं काम संपायचं आणि वाघमारेंचं सुरू व्हायचं. चौदाही ग्राहकांच्या कारखान्यात ते घरच्यासारखे वावरत. त्यांना बैठकीला बोलवायचं का, हा विषय निघाला होता. सरपोतदार म्हणाले, "त्यांना बोलावलं की ते गोष्टी सांगत बसतात, राव." हे खरं होतं. एका तुटलेल्या वायरवर ते पाऊण तास बोलू शकत. म्हणून मी त्यांना व्हॉट्सॲपवर नुसती यादी पाठवली आणि खाली लिहिलं, "काही असल्यास कळवा." विचारल्याचं समाधानही मिळालं आणि पाऊण तासही वाचला.

पुढे सगळं छान झालं. नवं सॉफ्टवेअर वर्षभरात उभं राहिलं आणि त्यावरचं पहिलं यंत्र चाकणच्या एका ट्रॅक्टर कारखान्यात बसलं. ते पसंत पडलं तर त्यांच्या पुढच्या सगळ्या लाइनचं काम आमचं, असा शब्द होता. मग खंडेनवमी आली. आमच्या या भागात खंडेनवमीला यंत्राची पूजा न करणारा कारखाना मला माहीत नाही. यंत्र धुऊन पुसून, हळदीकुंकू लावून, झेंडूची माळ घालून दिवसभर विश्रांतीला ठेवतात. पण दिवे चालू ठेवतात, कारण अंधारलेल्या यंत्राची पूजा करणं लोकांना बरं वाटत नाही. नव्या यंत्राची पहिली पूजा म्हणून आम्हाला निमंत्रण होतं. मी ठेवणीतली पैठणी नेसले होते. सरपोतदारांनी झब्बा घातला होता. वाघमारे नेहमीच्या निळ्या शर्टात आधीच हजर होते. सर्वांसमक्ष ते यंत्राजवळ गेले, खिशातून किल्ली काढली, दोनदा डावीकडे फिरवली आणि निवांतपणे बाजूला जाऊन उभे राहिले.

पाच स्पिंडलांवरून मिळून एक भरघोस माळ सोडली होती. खालच्या खोबणीत नारळ ठेवला होता. कारखान्याचे प्रमुख बर्वे साहेब आणि त्यांच्या पत्नी पूजेला बसले. गुरुजी हौशी होते, त्यांनी संकल्पच लांबवला. आरती सुरू झाली. आणि "जय देव जय देव" म्हणता म्हणता यंत्राने अंग मोकळं केलं.

आधी माळ सावकाश वळली. लोकांना वाटलं, वारा आहे. मग स्पिंडलांनी वेग घेतला आणि माळ फुटून झेंडूच्या पाकळ्यांचा पाऊस पडला. बर्वे साहेबांना वाटलं, हे कंपनीने खास बसवून दिलंय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी वाजवल्या म्हणून सगळ्या कामगारांनी वाजवल्या. सरपोतदारही हसून मान तुकवत होते, तेवढ्यात खोबणीतला नारळ उसळला आणि त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर येऊन फुटला. बर्वे वहिनी दचकून पुढे वाकल्या आणि त्यांचा पदर फिरत्या स्पिंडलाच्या दिशेने गेला. तो तिथे पोचायच्या आत वाघमारेंनी एका झेपेत लाल बटण दाबलं होतं. यंत्र थांबलं. टाळ्या मात्र मागच्या बाजूला अजून थोडा वेळ चालू होत्या.

पदराचं काय झालं असतं ते लक्षात आल्यावर बर्वे साहेबांचा चेहरा उतरला, आणि मग चढला. "हे कोणी केलं, त्याचं नाव मला लेखी हवं," एवढंच ते बोलले. नाव सगळ्यांना माहीत होतं. पूजेआधी यंत्राला हात कोणी लावला, ते शंभर माणसांनी पाहिलं होतं.

दसरा उलटल्यावर मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं बसलो. सरपोतदार लंगडत आले, पण पत्राचा मसुदा तयार करून आले. "सेवा विभागातील कर्मचाऱ्याने परवानगीविना किल्ली फिरवल्याने सदर प्रकार घडला. संबंधितास कामावरून दूर करण्यात येत आहे." वाघमारे खुर्चीच्या कडेवर बसले होते. त्यांच्या मुलीचं इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष चालू होतं, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी तो विषय काढत नव्हतं.

"वाघमारे, किल्ली फिरवली?" साहेबांनी विचारलं.

"फिरवली साहेब."

"कशासाठी?"

"मशिन झोपवायला. खंडेनवमीला दरसाल झोपवतो. किल्ली फिरवली की दिवसभर कसरत करत नाही. पहिल्यांदा एका ठिकाणी माळ अडकून बोटं जायची वेळ आली होती, तेव्हा सॉफ्टवेअरच्या आपल्या जुन्या साहेबांकडून करून घेतलं होतं. तेव्हापासून चौदा ठिकाणी फिरतो त्या दिवशी."

"तुम्ही स्वतः पूजा करता?"

"आम्ही बौद्ध, साहेब. मी कुठली करतो पूजा? पण नारळ फुटायचा तर माणसाच्या हातून फुटावा. मशिनच्या नको."

"मग या खेपेला का नाही झोपलं?"

वाघमारे खाली बघत म्हणाले, "मी कळवलं होतं साहेब. पण ऑफिसला कामं फार असतात."

ते कोणाला कळवलं होतं, हे त्यांनी सांगितलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी टेबलाखाली फोन काढला. इथे एक सांगायला हवं. वाघमारे मला रोज सकाळी सुप्रभातचं चित्र पाठवत. गुलाब, कमळ, उगवता सूर्य, खाली एखादा सुविचार. मी रोज एक अंगठा पाठवून मोकळी व्हायचे. मी बोटाने वर सरकवत गेले. गुलाब, अंगठा. कमळ, अंगठा. सूर्य, अंगठा. असं वर्षभर मागे गेले, आणि एका गुलाबाखाली तो मेसेज सापडला. "मॅडम ८६ नंबर काढू नका. खंडेनवमीला लागतो. नाहीतर कोणाला तरी लागेल. भेटून सांगतो." खाली माझा अंगठा होता, पिवळाधमक. इंजिनीअरिंगच्या दोन पदव्या घेतलेली बाई, आणि मी अंगठेबहाद्दर निघाले होते.

तो अंगठा पाहूनच वाघमारे वर्षभर निर्धास्त राहिले होते. मॅडमनी होकार दिलाय म्हटल्यावर भेटून सांगायची गरज काय?

त्या वेळी मनात आलं ते लिहिते, कारण ते लपवून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. फोन परत पर्समध्ये ठेवावा, असं मनात आलं. माझ्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. समोर मसुदा तयार होता, आणि वाघमारे बोलणार नाहीत हे मला कळलं होतं. सरपोतदारांनी पेनाचं टोपण काढलं आणि साहेबांपुढे पेन धरलं. तेव्हा मी फोन त्या मसुद्यावर ठेवला.

साहेबांनी चष्मा लावला. आधी चुकून दुसरंच सरकवलं. "हे गुलाब कसले, साळवी मॅडम?"

"त्याच्या खालचं वाचा."

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. "आणि हा अंगठा?"

"माझा," मी म्हणाले. "शहाऐंशी मी कापला. लाल चिठ्ठीही मीच लावली. ज्यांचं होतं त्यांना मी बोलावलं नाही. पत्रात नाव माझं घाला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते शरमेचं होतं. आई परत आलेला प्रत्येक डबा उघडून बघायची. कोणी काय टाकलं, काय बोटांनी पुसून खाल्लं, ते बघून तिचं उद्याचं पातेलं ठरायचं. आमचे परत आलेले डबे उघडणारा एकच माणूस कंपनीत होता, आणि त्याच्या गोष्टी लांबतात म्हणून मी त्याला खोलीबाहेर ठेवला होता.

साहेबांनी मसुदा फाडला. मला म्हणाले, "नाव लिहू नका. स्वतः जाऊन सांगा." दुसऱ्या दिवशी मी, वाघमारे आणि लंगडणारे सरपोतदार चाकणला गेलो. मी बर्वे साहेबांना सगळं सांगितलं, अंगठ्यासकट. मग त्यांनी वाघमारेंना जवळ बोलावून त्यांचा हात हातात घेतला. "तुमच्यामुळे आमच्या घरात दसरा झाला," ते म्हणाले. निघताना मात्र हळूच विचारलं, "ते फुलं उधळायचं मात्र छान होतं हो. तेवढंच सुरक्षित करून देता येईल का?"

"देऊ ना साहेब!" सरपोतदार म्हणाले.

"न्हाई," वाघमारे म्हणाले. त्या ट्रॅक्टर कारखान्याने आमच्या तोंडून ऐकलेला तो पहिला नकार असावा. तरीही लाइन आम्हालाच मिळाली. त्यानंतरच्या बैठकीत वाघमारे माझ्या शेजारच्या खुर्चीत होते आणि सगळ्या लाल चिठ्ठ्या त्यांच्याकडे होत्या. ते गोष्टी सांगत बसले. बैठक चार दिवस चालली.

चाकणहून परत येताना मोशीजवळ नेहमीसारखी गाडी अडकली. सरपोतदार पुढे झोपले होते. मी वाघमारेंना विचारलं, "तो मेसेज तुमच्याकडे होता. तुम्ही साहेबांना दाखवला का नाही?"

ते खिडकीबाहेरच्या ट्रककडे बघत होते. "मॅडम, तुमी चुकून कापलं. मी दाखवलं असतं तर ते मी तुमाला मुद्दाम कापल्यासारखं झालं असतं."

"आणि मी गप्प बसले असते तर?"

"तर उद्यापासून गुलाब बंद केले असते."

तर यंदाच्या मेसेजला मी उत्तर दिलं. अंगठा पाठवायचं मी सोडून दिलं आहे. घरात मुलं, नातवंडं हसतात, पण मी प्रत्येकाला अक्षरांत उत्तर लिहिते. चष्मा लावला, त्यांची ओळ पुन्हा एकदा वाचली आणि मृणालला फोन करून खात्री करून घेतली. मग लिहिलं, "वाघमारे, तुमचा मेसेज पूर्ण वाचला. शहाऐंशी नंबर चालू आहे. मृणालला आत्ताच विचारलं. उद्या निर्धास्तपणे किल्ली फिरवा."

लगेच त्यांचं उत्तर आलं. नुसता एक अंगठा.